हेंडेलचा सोनाटा वाजवायचा म्हणजे काय काय करावं लागतं

शनिवार, ८ जून २०२४ रोजी लाइपझिगमधल्या आमच्या संगीतशाळेच्या छोट्या सभागृहात मी हेंडेल या जुन्या जर्मन रचनाकाराचा एफ मेजर सोनाटा रेकॉर्डर नावाच्या बासरीवर वाजवला. सोबत हार्पसिकॉर्ड होता, म्हणजे पियानोसारखं दिसणारं, पण तारा छेडून वाजणारं जुनं वाद्य. चार भाग मिळून आठेक मिनिटांचं संगीत, पण त्याआधी अर्ज, प्रतीक्षायादी, वाद्याची खरेदी, शेजाऱ्यांशी बोलणी, छापील स्वरलिपीच्या हक्कांची भानगड आणि साथीदाराचा शोध असं बरंच काही होतं. जर्मनीतल्या दोन-तीन मराठी मैत्रिणींनी विचारलं, “आम्हालाही शिकायचंय, पण सुरुवात कुठून करायची?” म्हणून सगळं क्रमाने लिहून काढतेय. चाळिशी उलटल्यावर, नोकरी सांभाळून, पाश्चात्य संगीताची पार्श्वभूमी नसताना हे जमतं. घाई करून मात्र जमत नाही.

रेकॉर्डर ही उभी धरायची बासरी. समोर सात भोकं, मागे अंगठ्यासाठी एक. आपल्या बासरीत फुंकर कुठे आणि कशी पडेल हे ओठ ठरवतात. इथे तोंडाशी एक अरुंद कोरलेली वाट असते आणि हवा त्या वाटेनेच जाते. त्यामुळे पहिल्या दिवशी स्वर निघतो. इथल्या प्राथमिक शाळांत मुलांच्या हातात हेच वाद्य देतात ते त्यामुळेच. आमच्या घरातही ते लेकीच्या दप्तरातून आलं. तिचा तो लहान, उंच आवाजाचा सोप्रानो. मी वाजवते तो आल्टो, आकाराने मोठा आणि आवाजाने खालचा. बरोक काळात, म्हणजे साधारण १६०० ते १७५० मध्ये, रेकॉर्डरसाठी जे सोनाटे लिहिले गेले ते बहुतेक आल्टोसाठीच आहेत. शिकायला जायच्या आधी एवढं माहीत असलं की चुकीच्या आकारावर पैसे जात नाहीत.

अर्ज केला ऑक्टोबर २०२१ मध्ये. शहरांच्या संगीतशाळा इथे सरकारी अनुदानावर चालतात आणि मुलांना प्राधान्य असतं, ते रास्तच आहे. प्रौढांना थांबावं लागतं आणि फीही जास्त पडते. अर्जात वाद्य, आठवड्यातले सोयीचे वार, तीस की पंचेचाळीस मिनिटं, एकट्याचा तास की दोघांचा, असं सगळं विचारतात. मी “कुठलाही वार, संध्याकाळी पाचनंतर” असं लिहिलं. दर दोन-तीन महिन्यांनी कचेरीला एक सभ्य ईमेल टाकत राहिले: अजून इच्छुक आहे, वारांबद्दल अट नाही. प्रतीक्षायादीतली निम्मी नावं मधल्या काळात शहर तरी सोडतात किंवा विचार तरी बदलतात, त्यामुळे आपण अजून आहोत हे कळवत राहणं उपयोगी ठरतं. मे २०२२ मध्ये उत्तर आलं, जूनमध्ये ओळखीचा एक तास झाला आणि ऑगस्टअखेर शाळेचं नवं वर्ष सुरू झालं तेव्हा माझंही सुरू झालं.

करार नीट वाचा. फी वर्षाची ठरते आणि बारा हप्त्यांत खात्यातून परस्पर वळती होते, त्यामुळे शाळेच्या सुट्यांत तास नसला तरी हप्ता जातोच. माझा हप्ता नव्वद युरोंच्या आसपास होता, आठवड्याला तीस मिनिटांसाठी. सोडायचं असेल तर सत्र संपायच्या कितीतरी आधी लेखी कळवावं लागतं आणि ती तारीख करारात बारीक अक्षरांत असते. ती मी फ्रिजवरच्या कालनिर्णयावर लाल पेनाने लिहून ठेवली होती.

वाद्याबद्दल. सुरुवातीला यामाहाचा प्लास्टिकचा आल्टो घ्या. चाळीसेक युरोंत मिळतो, आवाज स्वच्छ असतो, पाण्याने धुता येतो. घेताना एकच गोष्ट बघायची: बोटं ठेवण्याची पद्धत बरोक असली पाहिजे. जर्मन पद्धत म्हणून दुसरी एक आहे. ती १९२० च्या दशकात इथल्या पेटर हार्लान यांनी आणली. तीत एक स्वर सोपा होतो, पण त्याच्या बदल्यात इतर काही स्वर बेसूर होतात. तो ‘सोपा’ झालेला स्वर कोणता, ते आपल्या भाषेत सांगते. आल्टोची सगळी भोकं बंद केली की जो स्वर येतो तो एफ, पेटीवर पांढरी चार. त्याला सा मानलं तर हा स्वर म्हणजे शुद्ध मध्यम. बरोक पद्धतीत तो काढायला उजव्या हाताची तर्जनी खाली, मधलं बोट वर, आणि अनामिका-करंगळी पुन्हा खाली. पहिले काही आठवडे करंगळी आखडते. पण एफ मेजर म्हणजे आपला बिलावल थाट, पांढरी चारवर. त्यात मध्यम पावलोपावली येतो. ही बोटं एकदा बसली की सोनाट्यातलं निम्मं अवघडपण कमी होतं.

लाकडी वाद्य मी २०२३ च्या शरदात घेतलं. इथली रेकॉर्डरची खास दुकानं दोन-तीन वाद्यं घरी पाठवतात. दहा-बारा दिवस वाजवून बघायची, आवडेल ते ठेवायचं, बाकीची परत. पाठवणावळ आपली. मी पेअरच्या लाकडाची दोन आणि बॉक्सवुडचं एक मागवलं. तिन्ही शिक्षिकाबाईंकडे नेली. त्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि कुठलं वाद्य कुठलं ते न पाहता ऐकलं. खालचा सा भरदार आणि वरचे स्वर न ओरडता निघणारं एक पेअरचं होतं, साधारण पाचशे वीस युरोंचं. तेच ठेवलं. भारतात घेऊन जायचं असेल तर लाकूड कोणतं ते विचारून घ्या. शिसवीच्या कुळातल्या लाकडांवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत. तयार वाद्यांना २०१९ च्या नोव्हेंबरपासून बरीच सूट मिळाली, पण ब्राझीलच्या शिसवीला नाही. पेअर आणि बॉक्सवुडला हा प्रश्नच येत नाही.

नवं लाकडी वाद्य लगेच तासभर वाजवायचं नसतं. पहिल्या आठवड्यात रोज दहा-पंधरा मिनिटं, मग थोडं थोडं वाढवत. फुंकरीतली वाफ लाकडात हळूहळू मुरू द्यायची, नाहीतर तडा जातो. वाजवण्याआधी वरचा तुकडा काखेत धरून गरम करायचा. वाजवून झालं की आतून पुसून उघड्यावर वाळवायचं, डब्यात लगेच बंद करायचं नाही. हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा कोरडी पडते, तेव्हा वाद्य हीटरपासून लांब.

सरावाच्या वेळांचा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळत होता. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि भिंती पातळ. घराच्या नियमावलीत दुपारी एक ते तीन आणि रात्री दहानंतर शांतता, रविवारी दिवसभर जपून. मी आधी नियमावली वाचली, मग खालच्या आजींकडे आणि शेजारच्या जोडप्याकडे घरी केलेला केक घेऊन गेले आणि विचारलं, कुठल्या वेळेला त्रास होणार नाही. आजी म्हणाल्या, “संध्याकाळी सहा ते सात मी बातम्यांच्या आधी स्वयंपाकघरात असते, तेव्हा वाजव.” तीच वेळ ठरली. कायद्याची बाजूही माहीत असू द्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एका ट्रम्पेटवादकाच्या खटल्यात म्हटलं की घरात वाद्य वाजवण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. कामाच्या दिवशी दोन-तीन तास आणि रविवारी-सुटीला एक-दोन तास, शांततेच्या वेळा पाळून, हा ढोबळ अंदाज. मला तो निकाल कोणाला दाखवावा लागला नाही, पण माहीत होता म्हणून मी घाबरत घाबरत वाजवलं नाही. घाबरत वाजवलं की रेकॉर्डरचा सूर उतरतो, हे अगदी शब्दशः. फुंकर जोरात घातली की स्वर चढतो, हळू घातली की उतरतो, आणि सावरायला ओठ मदतीला नसतात.

नोव्हेंबर २०२३ मध्ये बाईंनी हेंडेल काढला. थोडी माहिती देते, कारण ती वाजवताना कामाला येते. गेओर्ग फ्रीडरिश हेंडेल १६८५ मध्ये हाले इथे जन्मला. आमच्या लाइपझिगहून लोकलने अर्ध्या तासावर. पुढे तो लंडनला स्थायिक झाला आणि हे रेकॉर्डरचे सोनाटे त्याने तिथे १७२०च्या दशकात, साधारण १७२४ ते १७२६ च्या सुमारास लिहिले. रेकॉर्डरसाठीचे सहा सोनाटे त्याचे म्हणून मानले जातात. माझा तो हेंडेलच्या रचनांच्या क्रमांकवार यादीत एचडब्ल्यूव्ही ३६९. त्याच्या हस्ताक्षरातली प्रत केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे. १७३० च्या सुमारास लंडनचा प्रकाशक जॉन वॉल्श याने यांतले चार सोनाटे छापले, तेही मुखपृष्ठावर अॅम्स्टरडॅमच्या दुसऱ्याच प्रकाशिकेचं नाव घालून.

आता मुख्य मुद्द्यावर येते. हस्तलिखितात दोनच ओळी आहेत. वरची रेकॉर्डरची, खालची बासची. खालच्या ओळीतल्या स्वरांजवळ बारीक आकडे: ६, कुठे ४ आणि मग ३, कुठे नुसतं चढं स्वरचिन्ह. हार्पसिकॉर्ड वाजवणाऱ्याने डाव्या हाताने बास वाजवायचा आणि आकडे बघून उजव्या हाताने जागच्या जागी स्वरांचे मेळ भरायचे. याला म्हणतात कंटिन्युओ. आकडा नसेल तर बासच्या स्वरावर तिसरा आणि पाचवा स्वर. म्हणजे बास सा असेल तर सा-ग-प. सहाचा आकडा असेल तर तिसरा आणि सहावा. म्हणजे बास ग असेल आणि आकडा ६ असेल तर ग-प-सां. स्वर तेच, पण पायाखाली सा ऐवजी ग आला, आणि लगेच वाटतं की संगीत अजून कुठेतरी निघालंय, पोचलेलं नाही. हे कळल्यावर मला या संगीताचं दारच उघडलं. आपल्याकडे सा तंबोऱ्यात स्थिर असतो आणि गाणारा त्याच्याभोवती फिरतो. इथे खालची जमीन स्वतःच चालते.

बाईंनी सांगितलं, “आधी बास शिक. तुझी ओळ नंतर.” डिसेंबर जवळजवळ पूर्ण मी बासवर घालवला. त्यासाठी तो उतरवून घेतला हाताने, आणि त्यामागे कायद्याचंही कारण होतं. जर्मनीत छापील स्वरलिपीची झेरॉक्स काढायला, खाजगी वापरासाठीसुद्धा, हक्कदाराची परवानगी लागते. हाताने उतरवायला मात्र मुभा आहे. मी बेरेनराइटर या प्रकाशनसंस्थेची आवृत्ती विकत घेतली होती, वीसेक युरोंना. फुकट हवं असेल तर क्रिझांडर यांनी १८७९ मध्ये काढलेली जुनी आवृत्ती इंटरनेटवर मिळते आणि तिच्यावर आता कोणाचा हक्क नाही. अभ्यासपूर्ण नव्या आवृत्त्यांना इथे पंचवीस वर्षांचं संरक्षण असतं. तर मी लेकीच्या जुन्या संगीताच्या वहीत बासची ओळ लिहून काढली आणि खाली देवनागरीत सरगम लिहिली. संध्याकाळी भांडी घासताना ती सरगम म्हणायची. लिहिताना कळलं की पहिल्या भागात, लार्गेटोमध्ये, बास जवळजवळ कुठे थांबतच नाही. माझा लांब स्वर चालू असतो तेव्हा तोच पुढे नेत असतो. खुद्द हेंडेलनेही मुलगा असताना गुरू त्साखाउ यांच्याकडे दुसऱ्यांच्या रचना वहीत अशाच उतरवून घेतल्या होत्या. त्या वहीवर १६९८ साल होतं असं चरित्रांत येतं.

बासची सरगम तोंडात बसल्यावर माझी ओळ हातात घेतली तेव्हा ती परकी वाटली नाही. कुठे श्वास घ्यायचा हे पुस्तकात लिहिलेलं नसतं, बासकडे बघून ठरतं. बास जिथे सा वर येऊन टेकतो तिथे श्वास, जिथे ग किंवा नी वर उभा आहे तिथे नाही. माझ्या प्रतीत मी श्वासाच्या खुणा सगळ्या अशाच घातल्या.

जानेवारी ते मार्च २०२४ हा जिभेचा काळ. रेकॉर्डरवर मोठा-लहान आवाज फारसा करता येत नाही. सगळा भाव जिभेत आणि स्वराच्या लांबीत. १७०७ मध्ये पॅरिसच्या ओतेतेर यांनी आणि १७५२ मध्ये बर्लिनच्या क्वांट्स यांनी जे ग्रंथ लिहिले त्यांत जीभ कशी हलवायची याची अक्षरं दिली आहेत. ओतेतेर सांगतात तु-रु, क्वांट्स दि-रि, आणि वेगासाठी दि-डल सारखं काहीतरी. जर्मन विद्यार्थ्यांना त्यातला ‘र’ जड जातो कारण त्यांचा ‘र’ घशातून येतो. आपला ‘र’ जिभेच्या टोकाचाच, त्यामुळे मराठी माणसाला इथे वेगळं काही शिकावं लागत नाही. दुसऱ्या भागातल्या, म्हणजे पहिल्या अॅलेग्रोतल्या, जलद सोळांशांच्या माळा मी “तु-रु-तु-रु” असं आधी नुसतं बोलून बसवल्या. ‘त’ कडक लावला की टाइपरायटर होतो, म्हणून द-र, द-र. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, साठवर ठेवून सुरुवात केली आणि फेब्रुवारीभर तिथेच राहिले. वेग वाढवायची घाई बाईंनी करू दिली नाही.

अंगठ्याबद्दल एक बारीक गोष्ट. वरच्या सप्तकात जाताना मागचं भोक पूर्ण उघडायचं नसतं, एक चिंचोळी फट ठेवायची. अंगठा वाकवून नखाची कड भोकात किंचित रुतवायची. फट मोठी झाली की स्वर फुटतो, लहान झाली की घुसमटतो. नख फार वाढलेलं असलं की लाकडावर ओरखडा पडतो, अगदी कापलेलं असलं की फट नीट होत नाही. तासाच्या दोन दिवस आधी नख कापायचं, हे माझं वेळापत्रक आजही आहे.

तिसरा भाग आल्ला सिचिलियाना. मला सगळ्यात प्रिय. बाराअष्टमांशाचा ताल, म्हणजे तीन-तीनचे चार गट, आणि प्रत्येक गटातली पहिली मात्रा ओढून धरलेली. दादरा अंगात असेल तर झोका लगेच सापडतो. स्वर डी मायनर. एफला सा मानून चाललो होतो तर आता धैवतालाच सा मानायचं. आपली मूर्च्छनेची कल्पना इथे अगदी जशीच्या तशी लागू पडते. गंधार, धैवत, निषाद कोमल, आसावरीचा चेहरा, फक्त सा कडे परतताना मधूनच शुद्ध निषाद डोकावतो. इथे वादकाने स्वतःचे अलंकार घालावेत अशी अपेक्षा असते. मी फार थोडे घातले. दोन स्वरांमधलं अंतर भरणारी एखादी जागा आणि वाक्याच्या शेवटी ट्रिल, म्हणजे शेजारच्या दोन स्वरांची भरभर आलटापालट. बरोक ट्रिल वरच्या स्वरापासून सुरू होते आणि तो वरचा स्वर बासशी भांडणारा असतो, म्हणून थोडा रेंगाळायचा. बासची ओळ पाठ असल्याशिवाय ते भांडण ऐकूच येत नाही. शेवटचा अॅलेग्रो पुन्हा बाराअष्टमांश, पण नाचरा. तो मला सगळ्यात लवकर आला.

एक फार उपयोगी सूचना. हेंडेलने हाच सोनाटा पुढे ऑर्गन आणि तंतुवाद्यांसाठी वापरला: ऑपस ४ या संचातली पाचवी कॉन्चेर्टो, १७३५ ची. ती ऐका. साध्या बासवर हेंडेलच्या मनात कुठली भर होती ते तिथे वाद्यवृंदातून ऐकू येतं.

आता साथीदार. शाळेचा वार्षिक कार्यक्रम जूनमध्ये ठरला आणि साथ पियानोवर मिळेल असं कळलं. माझी इच्छा हार्पसिकॉर्डची होती. त्यासाठी फेब्रुवारीत इथल्या संगीत विद्यापीठाच्या फलकावर चिठ्ठी लावली: हौशी वादक, हेंडेल, एक सोनाटा, आठ मिनिटं, मानधन देईन. तीन आठवडे काहीच नाही. मग हार्पसिकॉर्ड शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा फोन आला. तालमीचे तासाला चाळीस युरो, कार्यक्रमाचे शंभर. मानधन आधीच स्पष्ट बोलून घ्या, आणि तालमी कमी पण पूर्ण तासाच्या ठेवा.

चेलोही लागेल का, असा प्रश्न होता. बासला दुजोरा द्यायला चेलो, म्हणजे खालच्या आवाजाचं गजाचं वाद्य, असला तर छानच, पण हेंडेलच्या हस्तलिखितावर शीर्षकच ‘सोनाटा आ फ्लाउतो ए चेंबालो’ असं आहे. रेकॉर्डर आणि हार्पसिकॉर्ड. एका माणसाचं मानधन आणि एका माणसाच्या तारखा वाचल्या.

दुसरा प्रश्न पट्टीचा. जुन्या संगीताचे हार्पसिकॉर्ड बहुधा ए = ४१५ ला (ए हा स्वर सेकंदाला ४१५ कंपनांचा) लावलेले असतात, म्हणजे आजच्यापेक्षा जवळजवळ अर्धा स्वर खाली. माझा रेकॉर्डर ४४२ चा. ४१५ चा हाताने बनवलेला चांगला आल्टो दीड-दोन हजार युरोंच्या पुढे जातो, तो विषय नव्हता. सुदैवाने शाळेच्या हार्पसिकॉर्डच्या पट्ट्यांची अख्खी ओळ बाजूला सरकवता येते. ती सरकवली की ४४०. मी वरचा तुकडा केसभर बाहेर ओढला की ४४२ चा ४४० होतो. कोणाला करायचं असेल तर कार्यक्रम ठरायच्या आधी हे विचारा: वाद्य कुठल्या पट्टीत आहे, सरकतं का, आणि लावणार कोण. शाळेच्या फॉर्मवर हे सगळं लिहावं लागलं, शिवाय रचनाकाराचं नाव, जन्म-मृत्यूचं साल आणि आवृत्तीही. हेंडेल १७५९ मध्ये वारला, त्याच्या संगीतावर हक्क नाही. पण आधुनिक संपादकाने उजव्या हाताचे लिहून दिलेले मेळ वाजवले तर त्यांवर हक्क असू शकतो. आमचा वादक आकड्यांवरून स्वतः भरणार होता, तसं लिहिलं.

पहिली तालीम मार्चअखेर. त्याने आधी वाद्य लावलं. आजच्या पियानोसारखं समान अंतराने नाही, वालोत्ती नावाच्या जुन्या पद्धतीने. त्या पद्धतीत एफ मेजरचा गंधार शुद्धाच्या बराच जवळ येतो. पहिल्या मेळालाच माझ्या कानाला ते जाणवलं. पियानोवरचा गंधार मला कायम थोडा चढा वाटत आला आहे, इथे तो जागेवर होता, तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येतो त्याच्या जवळचा. मी माझा गंधार त्यात मिसळून धरला आणि एक क्षण कुठला आवाज कोणाचा ते कळेना. असं एकट्याने सराव करताना कधीच होत नाही.

त्या तालमीत आम्ही पूर्ण सोनाटा वाजवला नाही. त्याने विचारलं, “बास म्हणशील?” मी सरगममध्ये म्हटला. त्याला शब्द कळले नाहीत, पण तो डोलायला लागला. मग मी बास गायला आणि त्याने उजव्या हाताने माझी ओळ वाजवली. मग उलट. कुठे थोडं थांबायचं, कुठे निघायचं हे त्यातच ठरलं, वेगळं बोलावं लागलं नाही.

एप्रिलमध्ये एका रविवारी आम्ही तिघं हालेला गेलो. हेंडेल जन्मला ते घर आता संग्रहालय आहे, जुन्या वाद्यांचा संग्रह बघण्यासारखा. बाजारचौकातल्या मार्क्टकिर्खे चर्चमध्ये त्साखाउ ऑर्गन वाजवत आणि तिथेच हेंडेलचा बाप्तिस्मा झाला. तो कांस्याचा कुंड अजून जागेवर आहे. लेकीला चौकातला १८५९ सालचा पुतळा आवडला. मला तिथे गेल्याने वाजवण्यात काही फरक पडला असं नाही, पण जाऊन यावंसं वाटलं होतं.

मे महिना पूर्ण तालमी आणि सलग वाजवण्याचा. घरी रोज एकदा, न थांबता, चारही भाग. भागांच्या मध्ये किती श्वास घ्यायचे तेही ठरवून. लहान गोष्ट, पण सिचिलियाना संपून शेवटचा अॅलेग्रो सुरू होण्याआधी वाद्याच्या वाटेत साचलेली वाफ ओढून घ्यावी लागते, नाहीतर आवाज घोगरा होतो. वाद्याच्या खिडकीवर, म्हणजे तोंडाजवळच्या चौकोनी खाचेवर, बोट आडवं धरून तोंडाने हवा आत ओढायची. तालमीतच सवय करा.

कार्यक्रमाच्या दिवशी पोट आवळलेलं होतं, खोटं कशाला सांगू. आमचा क्रमांक सातवा. आधी लहान मुलं, मग एक गिटारवाले आजोबा. मी वाद्याचा वरचा तुकडा तासभर ओढणीच्या आत धरून बसले होते. मंचावर गेल्यावर बोटं गार पडली, पण वादकाने पहिला बासचा स्वर लावला आणि तो स्वर मी महिनोन्‌महिने भांडी घासताना म्हटलेला होता. त्यानंतर मला माझ्या बोटांची आठवण राहिली नाही, मी खालची ओळ ऐकत होते. पहिल्या अॅलेग्रोत एका जागी वेग थोडा वाढला तेव्हा त्याने मेळ विरळ केले, नुसता बास ठेवला, आणि मी परत आले. सिचिलियानाच्या शेवटी आम्ही दोघं एकमेकांकडे बघून थांबलो, आणि शेवटचा भाग ठरवल्यापेक्षा जरा खेळकर निघाला. आई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होती. नंतर म्हणाली, “ते खालचं टणटण वाजतं ते फार गोड गं. तुझंही छान झालं.”

खर्चाचा ढोबळ हिशोब: दोन वाद्यांचे मिळून साडेपाचशेच्या थोडं वर, तालमी आणि कार्यक्रमाचं मानधन साडेतीनशेच्या आसपास, स्वरलिपी आणि तेल-ब्रश वगैरे पन्नासेक, आणि फी वेगळी, ती सगळ्यात मोठी. लाकडी वाद्याऐवजी शाळेकडून महिन्याच्या भाड्याने घेतलं तर सुरुवातीचा भार बराच कमी होतो, आणि प्लास्टिकवरही हा सोनाटा उत्तम वाजतो. हार्पसिकॉर्डवाला मिळाला नाही तर पियानोवर वाजवा, फक्त साथीदाराला बासचे स्वर हलके आणि सुटे ठेवायला सांगा, पेडल नको.

सप्टेंबर २०२४ पासून बाईंनी त्याच संचातला ए मायनर, एचडब्ल्यूव्ही ३६२, दिला आहे. त्याचा बास वहीत उतरवून झाला. हार्पसिकॉर्डवाला विद्यार्थी आणखी एक वर्ष इथे आहे, आणि महिन्यातून एक शनिवार आम्ही शाळेची खोली तासाभरासाठी राखून ठेवली आहे.